साठ किलोमीटरांचे अंतर

चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात २ व ३ मे २०२१ दरम्यान २४ रुग्ण दगावले. प्राणवायूचे सिलिंडर सुमारे ६० किलोमीटरवरील म्हैसूरहून येत असत. दोन्ही जिल्हा प्रशासनांत दोषारोप सुरू झाले. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने मात्र म्हैसूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पुरवठा रोखल्याचा आरोप ग्राह्य धरला नाही. मग प्रश्न उरतो तो रुग्णालयातला. साठा घटताना प्रथम ज्या परिचारिकेला दिसतो, तिचा शब्द किती वर पोहोचतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा सूचीनुसार छेद घेण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे असते. आपल्याकडे तर कनिष्ठाने वरिष्ठाला टोकणे हाच उद्धटपणा ठरतो! साठ्याचा इशारा थेट जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचा लेखी अधिकार पाळीवरील परिचारिकेला राज्य सरकारने द्यावा.