शून्याचा ताळेबंद

देवळाच्या महाजनांची वार्षिक सभा ज्याने एकदा तरी पाहिली असेल, त्याला हिशेब म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. आमच्या भागातील एका देवळाच्या अशाच सभेत मी बसलो होतो. चौकात सतरंज्या अंथरलेल्या, खजिनदार जमाखर्च वाचून दाखवीत होते आणि निम्मे महाजन पेंगत होते. इतक्यात खांबाला टेकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हात वर केला. "पालखेच्या दिसाचे दोन नाल्ल खंय गेले?" दोन नारळ! त्या दोन नारळांवर अर्धा तास वाद झाला, जुनी वही काढली गेली, आणि शेवटी ते नारळ पालखी उचलणाऱ्यांना दिल्याची नोंद सापडली. तरुण मंडळी हसली. मला हसू आले नाही. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ सालच्या ज्या नियमावलीखाली आपल्या देवस्थानांचा कारभार आजही चालतो, तिने हिशेब ठेवण्याची सक्ती केली आणि मामलेदाराला त्यावर देखरेखीचा अधिकार दिला, हे खरे. परंतु त्या वृद्ध गृहस्थांनी हात वर केला तो नियमावली वाचून नव्हे. देवाचे द्रव्य ज्याच्या हाती, त्याला विचारण्याचा आपला हक्क आहे, हे त्यांच्या रक्तातच होते.

त्याच सभेत, त्याच चौकात, पुढचा विषय दोन मिनिटांत संपला. एका कंपनीने सभामंडपासाठी देणगी देऊ केली होती व पत्रासोबत एक गुळगुळीत पुस्तिका धाडली होती. मुखपृष्ठावर ओंजळीत रोप धरलेली मुलगी, आणि आत इंग्रजीत असे अभिवचन की कंपनी लवकरच 'शून्य कार्बन' होणार. टाळ्या वाजल्या, ठराव संमत झाला. नारळ विचारणारे ते गृहस्थ गप्प राहिले. आणि मी, वकिलीची सनद खिशात असून, गप्प राहिलो. ती टोचणी गेली नाही म्हणून हा लेख.

शून्य हे आपल्या पूर्वजांनी जगाला दिले असे आपण अभिमानाने सांगतो. आता तेच शून्य कंपन्यांनी आपल्यालाच परत विकावयास आणले आहे. हे शून्य निघते कसे, ते पाहावे. एका बाजूस कंपनीने हवेत सोडलेला धूर, दुसऱ्या बाजूस तिने लावलेली झाडे, बसविलेल्या सौरपट्ट्या आणि विकत घेतलेली प्रमाणपत्रे. दोहोंची वजाबाकी केली की उरते ते शून्य. वजाबाकी चुकीची नसते. चुकविलेली असते ती डावी बाजू. कोणता धूर आपला म्हणावयाचा आणि कोणता शेजाऱ्याचा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य हिशेब लिहिणाऱ्यानेच आपल्याकडे ठेवले, तर कोणाचीही बाकी शून्य दाखविता येईल. सुतकात कोणते घर धरावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हे सोयीने ठरविणाऱ्या भाऊबंदांची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे.

उदाहरण दूरचे नको, डिचोलीचेच घ्या. आमच्या तालुक्यातील लोहखनिज पूर्वी जपानला गेले, पुढे चीनला गेले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर हा धंदा थांबला. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीचा पट्टा लिलावात निघाला आणि तो पुन्हा हलू लागला. आता खाणीवर विजेची वाहने चालविली, कार्यालयावर सौरपट्ट्या बसविल्या, की 'हरित खाण' अशी पाटी लावता येते. परंतु त्या मातीचे पोलाद होते ते भट्टीत, दगडी कोळशावर. आणि तो धूर खाणीच्या वहीत चढत नाही. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून देशातील पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला, हे पाऊल स्तुत्यच आहे. पण कंपनीच्या स्वतःच्या भट्टीचा धूर आणि तिने विकत घेतलेल्या विजेचा धूर एवढाच त्यात सक्तीने सांगावयाचा. माल गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर जे जळते ते सांगणे कंपनीच्या मर्जीवर. विजेचेही तसेच. गोव्याला मिळणारी वीज बव्हंशी कोरबा, विंध्याचल अशा दूरदूरच्या औष्णिक केंद्रांतून येते. आपल्या गाभाऱ्याबाहेर जळणाऱ्या विजेच्या समईतसुद्धा छत्तीसगडचा कोळसा आहे. मग कंपनीच्या विजेवरच्या गाडीत नाही, असे कसे म्हणावे?

आता मोपाकडे वळतो, कारण आमच्या भागात शून्याचे सर्वांत मोठे अभिवचन तेथे दिले गेले, आणि तेही बाजारात नव्हे, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात.

पेडण्याच्या ज्या पठारावर आज विमाने उतरतात त्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरणीय परवाना मिळाला. त्याविरुद्ध हनुमान आरोसकर न्यायालयात गेले. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो परवाना स्थगित केला. ते निकालपत्र माझ्या मते गोव्याच्या प्रत्येक पंचायतीत ठेवण्याजोगे आहे. प्रकल्पाचा अर्ज ज्या पहिल्या प्रपत्रात करावयाचा, त्यातच भोवतालची वने व संवेदनशील क्षेत्रे यांची पुरती माहिती दिली गेली नव्हती, हे न्यायमूर्तींनी एकेक रकाना घेऊन दाखविले. ही कारकुनी चूक आहे, पुढे अभ्यास झालाच की, असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही. पहिले उत्तर अपुरे असेल तर त्यावर उभा राहिलेला पुढचा सारा विचारच वाकडा होतो, हे त्याचे म्हणणे. तज्ज्ञ समितीने फेरविचार करून आणखी अटी सुचविल्या, आणि १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली. उठताना, बांधकामाच्या काळात व नंतर विमानतळ चालविताना शून्य-कार्बन कार्यक्रम राबविला जाईल, असे प्रकल्पाच्या वतीने सांगितले गेले. ते न्यायालयाने स्वीकारले, आणि अटींच्या पालनावर नागपूरच्या नीरी या संस्थेची देखरेख नेमली. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली.

जीएमआर कंपनी ते अभिवचन पाळीत नाही, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास पुरावा लागतो आणि पुराव्यावाचून बोलणे हे माझ्या पेशाला शोभणारे नाही. माझा प्रश्न निराळा आहे: त्या शून्याच्या डाव्या बाजूस काय काय धरले आहे? विमानतळांच्या जगात रूढ असलेल्या हिशेबांत इमारतींचे दिवे, थंड हवेची यंत्रे, धावपट्टीवरच्या गाड्या हे विमानतळाचे स्वतःचे मानतात. विमान उडाल्यावर जे इंधन जळते ते विमान कंपनीच्या नावावर. म्हणजे खानावळवाला म्हणतो, माझ्या चुलीचा धूर मी मोजला. जेवणाऱ्यांनी ओढलेल्या विड्यांचा मी जबाबदार नाही. कायद्याने ते बरोबरही असेल. परंतु 'शून्य' हा शब्द ऐकून मोपाचा वा लाटंबार्सेचा माणूस जे समजतो ते हे नव्हे, आणि तो तसे समजतो हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

परवान्याच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल दर वर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी प्रत्येक प्रकल्पाने द्यावा, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज समजावा, असा २००६ च्या अधिसूचनेचा नियम आहे. सार्वजनिक म्हणजे काय? इंग्रजीत लिहून संगणकाच्या जाळ्यावर कोठेतरी टांगून ठेवला की तो सार्वजनिक झाला, अशी आपल्या काळाची समजूत आहे. देवळाचा जमाखर्च खजिनदाराने लॅटिनमध्ये लिहून घुमटावर नेऊन ठेवला असता तर त्यालाही सार्वजनिकच म्हणावे लागले असते. एखाद्या ग्रामसभेत असा अहवाल मराठीत वा कोकणीत मोठ्याने वाचला गेला आणि कंपनीचा अधिकारी उलट प्रश्नांना उभा राहिला, असे माझ्या तरी ऐकिवात नाही.

येथे मला माझेही एक पाप सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका लहानशा प्रकल्पाच्या मालकाने असेच एक प्रपत्र माझ्यापुढे ठेवले. जवळपास झरा, ओहोळ वा पाणवठा आहे काय, असा एक रकाना त्यात होता. जागेच्या खालच्या अंगास बारमाही झर आहे, त्यावर दोन कुळागरे भिजतात, हे मला माहीत होते. मी सल्ला दिला, 'रकाना कोरा ठेवा. कोरा रकाना म्हणजे खोटे विधान नव्हे.' कायद्याच्या दृष्टीने तो सल्ला त्या वेळी मला फार हुशारीचा वाटला. २०१९ चे निकालपत्र वाचताना मी त्या एका पानावर बराच वेळ थांबलो. कोरे ठेवणे हेही बोलणेच आहे. कंपन्यांचे असत्य बहुधा अशाच जातीचे असते. आणि ते कोरे ठेवण्याची युक्ती त्यांना शिकवितात ती माझ्यासारखी गावचीच माणसे.

भाषेचा मुद्दा मी मुद्दामच ताणून धरणार आहे. २०२० साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा केंद्राने केवळ इंग्रजी-हिंदीत काढला, तेव्हा ३० जून रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. त्या यादीत मराठी आहे, आणि १९९२ पासून कोकणीही आहे. केंद्राने त्या आदेशावर केवढी खळखळ केली! आपण मात्र मराठी मोठी की कोकणी मोठी या वादात चाळीस वर्षे घालविली, आणि दोहोंपैकी एकाही भाषेत कंपनीने आपल्याशी बोलावे, असा आग्रह एकाही पक्षाने धरला नाही. या दोन्ही भाषांत निघणाऱ्या पत्राच्या वाचकांस हे मी नाही तर कोणी सांगावे?

कोणी विचारील, आम्ही देवभोळी माणसे, आम्हास या कार्बनचे काय? १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ पर्वतावर हवेतील कर्बवायू मोजण्यास आरंभ झाला, तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. एवढ्याने हवा तापते, आणि तापलेली हवा अधिक पाणी धरते व ते एकदम ओतते. जुलै २०२१ मध्ये डिचोली, सत्तरी, पेडणे आणि पलीकडचे दोडामार्ग यांनी जो पूर पाहिला, तो नेमका किती हवेमुळे आणि किती आपण फोडलेल्या डोंगरांमुळे, हे शास्त्रज्ञांनी ठरवावे. घरात पाणी शिरले त्याला दोन्ही सारखेच. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान-बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या कलमांत असल्याचे सांगितले. गंमत अशी की तो खटला राजस्थान-गुजरातेतील माळढोक पक्षी आणि सौरविजेच्या तारा यांचा होता. उपायालाही पंख छाटता येतात! म्हणून सौरवीज नको असे नव्हे. पण 'हरित' हा शब्द उच्चारला की हिशेब माफ, ही सवलत कोणालाही देता येणार नाही.

आणि झाडांची भरपाई? एक तोडले तर दहा लावू, हे वाक्य ऐकून आपण विरघळतो. आमचे सडे ज्यांनी पावसाळ्यात पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की तेथे झाडे थोडीच असतात. जांभ्या दगडावर बोटभर माती, तीत श्रावणात फुलणारी इवली फुले, कीटकभक्षी वनस्पती, आणि खडकाच्या खळग्यांत साचणारे पाणी. तेच पाणी चिऱ्याच्या छिद्रांतून झिरपत पायथ्याच्या झरीला येते आणि आमची पोफळी-नारळी जगविते. असा सडा फोडून दुसऱ्या तालुक्यात दहा हजार अकेशिया लावल्या तर वहीत झाडे जमा होतील, झर जमा होणार नाही. हवामान-बदलावरचा सर्वांत स्वस्त उपाय सडा आहे तसा राहू देणे हा आहे. त्यात कोणाला कंत्राट मिळत नाही, म्हणून त्याची पुस्तिका कोणी छापीत नाही.

मला विकासविरोधी म्हणतील, म्हणोत. मोपाच्या विमानाने मीही दिल्लीला गेलो आहे. कंपनीची देणगी घेणे हे पातक आहे असेही मी मानीत नाही; देवाला कोणाचेही फूल चालते. पण देणगी घेतल्यावर आपले तोंड का बंद होते? खाणीच्या पैशातून सभामंडप उभे राहिले, दिवे लागले, आणि ज्या गावच्या विहिरी आटल्या त्याच गावच्या महाजनांनी आभाराचे फलक लावले, हे आपण डिचोलीत डोळ्यांनी पाहिले आहे. दोन नारळांचा जाब विचारणारा समाज भित्रा नसतो. त्याला फक्त परक्याच्या वहीत डोकावणे हे असभ्यपणाचे वाटते. आपल्या डोंगरावर, आपल्या हवेवर लिहिलेली वही परक्याची कशी?

पुढील सभेची सूचना निघाली आहे. त्यासाठी मी एक लहानसा ठराव लिहून दिला आहे. ज्या कंपनीस देवस्थानला देणगी द्यावयाची असेल, तिने आपल्या आमच्या तालुक्यातील कामाचा पर्यावरणाचा हिशेब मराठीत वा कोकणीत लिहून आणावा, तिच्या माणसाने तो महाजनांपुढे स्वतः वाचावा, आणि काय धरले व काय सोडले या प्रश्नास तेथेच उत्तर द्यावे. मुखत्यारांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "वकीलबाब, देणगी परत वतली मरे!" मी म्हटले, जाईल कदाचित. त्यांनी ठराव घेतला आहे. विषयपत्रिकेवर तो सहावा आहे. नारळांचा हिशेब पाचवा.