एका लहान माशाचें ऋण

ज्याच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहणार नाहीं, असा एक मासा आज क्षयरोगाच्या अभ्यासांत मनुष्याचा साहाय्यक झाला आहे. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील ओढ्यांत व भातखाचरांत राहणारा हा झेब्रा मासा जेमतेम दीड इंच लांब असून त्याच्या अंगावर निळे पट्टे असतात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें आहे.

ह्या माशाचीं अंडीं व पिलें काचेसारखीं पारदर्शक असतात. त्यामुळें जिवंत देहांत रोगजंतु काय करितात, हें न चिरतां सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसतें. क्षयजंतूचा एक भाऊबंद माशांस क्षयासारखाच रोग जडवितो. तो पिलांच्या अंगांत सोडून डॉ. ललिता रामकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं रोगाच्या गांठी बनतांना पाहिल्या. तें संशोधन २००२ सालीं प्रसिद्ध झालें. ही गांठ म्हणजे शरीरानें जंतूंभोंवतीं उभारलेला तट, अशी समजूत होती. परंतु २००९ सालीं निराळेंच दिसून आलें. रोगाच्या आरंभीं रक्षक पेशी गांठीकडे धांवून येतात, जंतूंनीं भरलेल्या मृत पेशींस गिळतात, आणि त्यांतील कांहीं पेशी जंतूंना घेऊन अन्यत्र जातात. तटाचे रखवालदारच शत्रूचे वाहक ठरले!

येथें कोणी विचारील कीं, मनुष्याच्या हितासाठीं मुक्या जीवास रोग कां लावावा? हा प्रश्न दयेंतून उपजलेला आहे. त्याची थट्टा करणें आम्हांस उचित वाटत नाहीं. तथापि कॉख यांनीं १८८२ सालीं क्षयजंतु शोधून काढिला, तरी हा रोग अद्याप लक्षावधि माणसांचे बळी घेतो, आणि जगांत सर्वांत अधिक रुग्ण आपल्याच देशांत आहेत. अशा स्थितींत हे प्रयोग सर्वस्वी वर्ज्य करणें म्हणजे रोग्याच्या दुःखाकडे पाठ फिरविणें होय. मात्र प्रयोग गरजेपुरताच असावा, आणि पीडा होतां होईल तों कमी असावी. शिवाय माशास फुप्फुसें नसतात. म्हणून त्याच्यावरून काढिलेलें अनुमान मनुष्याच्या बाबतींत पडताळल्यावांचून स्वीकारूं नये.

विद्यार्थ्यांनो, परमेश्वराच्या सृष्टींत क्षुद्र असें कांहींच नाहीं. ओढ्यांतील माशांवर दगड मारण्यापूर्वीं क्षणभर त्यांच्याकडे निरखून पाहा. आणि पालकांस आमची विनंति कीं, मूल डबक्याकांठीं रमलें तर त्यास एकदम रागें भरूं नये. दया आणि जिज्ञासा हीं दोन्हीं एकाच मनांत नांदलीं पाहिजेत. दयेवांचून जिज्ञासा क्रूर होते, आणि जिज्ञासेवांचून दया पांगळी राहते.