मिठाचा इशारा पाकिटाच्या तोंडावर छापा

मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

तळेगाव-चाकणच्या एमआयडीसीत रात्रपाळीला भूक लागली की शेव-फरसाणाचं पाकीट फुटतं. ते खाणाऱ्यांत एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचारावर, असलेले लोकही असतात. गोळ्या वेळेवर, व्हायरल लोड आटोक्यात. तरी दाह पुरता शमत नाही. एचआयव्ही आतड्यातल्या टीएच-१७ या प्रतिकारपेशी सुरुवातीलाच मारतो, जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षं चेतलेली राहते. या लोकांना हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट, त्याचं एक मूळ हे.

त्यात मीठ. २०१३ साली ‘नेचर’मधल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं की जास्त मिठात टीएच-१७ पेशी अधिक दाहक बनतात. २०२० साली बॉनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना आठवडाभर रोज ६ ग्रॅम जादा मीठ दिलं, तर त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी जिवाणू मारण्यात कमी पडल्या. एचआयव्हीसह जगणाऱ्यांवरचे थेट अभ्यास थोडे आहेत. ते व्हायला हवेत. एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९२ पासून इथं भोसरीतच आहे. पण इशारा छापायला तेवढं थांबण्याचं कारण नाही. मिठाने रक्तदाब वाढतो याचा पुरावा केव्हाच पुरेसा झाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतीयांचं सरासरी सेवन निघालं ८ ग्रॅम. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत मीठ नव्हे, सोडियम असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, हा अडीचपटीचा हिशेब पहाटे तीन वाजता कामगाराने करायचा?

चिलीने २०१६ मध्येच काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपण सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढलात तो ताऱ्यांच्या मानांकनाचा, ज्यात तंतू-प्रथिनांचे गुण मिळवून खारट पदार्थही वर चढू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटावरच्या इशाऱ्याचे नियम ठरवायला तीन महिने दिले. जुलैत आपण मुदत वाढवून घेतलीत. एवढ्या वर्षांत कोणाची सोय पाहिली गेली? खाणाऱ्याची तर नाही.

तारे मागे घ्या. ‘मीठ जास्त’ हे दोन शब्द पाकिटाच्या दर्शनी बाजूला, मराठीसह स्थानिक भाषांत, ठळक छापायला लावा, आणि अंमलाची तारीख जाहीर करा.

तळेगाव दाभाडे, ता. मावळ