विश्लेषण : जुन्या रॉक बँडची तिकिटे इतकी महाग का? बोईसरच्या चाहत्याला ती आणखी महाग का पडतात?

कोल्डप्ले, गन्स अँड रोझेस, लिंकिन पार्क. जानेवारी २०२५ ते जानेवारी २०२६ या वर्षभरात पंचवीस ते चाळीस वर्षे जुने असे तीन बँड मुंबई परिसरात येऊन गेले. ज्यांची गाणी एकेकाळी कॅसेटवर ऐकली, त्यांना प्रत्यक्ष पाहण्याची संधी आता दोन तासांच्या रेल्वे प्रवासावर आली आहे. पण तिकिटाचा दर पाहून पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यातील अनेकांनी मोबाइल खाली ठेवला. हे दर का वाढले, त्यात रास्त किती, अवाजवी किती आणि सरकारच्या हातात नेमके काय आहे, याविषयी...

कोल्डप्लेच्या वेळी काय घडले?

नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी 'बुकमायशो'वर सुरू झाली. छापील दर २,५०० रुपयांपासून ३५ हजार रुपयांपर्यंत होते. एक कोटीहून अधिक लोकांनी रांग लावल्याचे कंपनीने सांगितले. स्टेडियमची क्रिकेटसाठीची क्षमता साधारण ५५ हजार. म्हणजे तीन दिवस धरले तरी रांगेतील बहुतेकांना तिकीट मिळणे शक्यच नव्हते.

काही मिनिटांत तिकिटे संपली आणि तीच तिकिटे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर अनेक पटींनी, काही तर लाखांत दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना चौकशीसाठी समन्स बजावले. आपला या पुनर्विक्रीशी संबंध नाही, असे सांगत कंपनीनेही पोलिसांकडे तक्रार केली. ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने मुंबईसह पाच शहरांत छापे घातले. गदारोळ मोठा झाला, पण छापील दरानेही तिकीट न मिळालेला चाहता होता तिथेच राहिला.

जुन्या बँडचीच तिकिटे महाग का?

पूर्वी बँड दौरा काढत तो नव्या अल्बमची विक्री वाढावी म्हणून. कमाई रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडीतून होई. १९९९ मध्ये नॅपस्टर आले, गाणी फुकट उतरवून घेता येऊ लागली आणि पुढची सुमारे दीड दशके ध्वनिमुद्रित संगीताचा जागतिक व्यवसाय घसरत गेला. स्ट्रीमिंगने तो सावरला, पण एका वेळी गाणे ऐकले की कलाकाराच्या पदरात अगदी किरकोळ रक्कम पडते. त्यामुळे गणित उलटे झाले. आता गाणे ही जाहिरात आणि दौरा ही कमाई.

अमेरिकेतील व्यापारपत्र 'पोलस्टार'च्या नोंदींनुसार सर्वांत मोठ्या शंभर दौऱ्यांच्या तिकिटाचा सरासरी दर १९९६ मध्ये सुमारे २६ डॉलर होता, तो २०२४ मध्ये सुमारे १३६ डॉलर झाला. सर्वसाधारण महागाईपेक्षा ही वाढ कितीतरी जास्त आहे. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रुगर यांनी या बदलाचा बराच अभ्यास केला होता.

जुन्या बँडच्या बाबतीत आणखी दोन कारणे जोडली जातात. त्यांचा चाहता आज चाळिशी-पन्नाशीत आहे, त्याच्या हाती पैसा आहे. आणि 'पुन्हा हे दिसतील की नाही' ही हुरहुर त्याला घाई करायला लावते. १९९४ मध्ये ईगल्स हा बँड १४ वर्षांनी एकत्र आला, तेव्हा त्यांच्या काही तिकिटांनी १०० डॉलरचा टप्पा ओलांडला आणि मोठी टीका झाली. लोकांनी तिकिटे घेतलीच. आठवणींना किती किंमत येते, हे बाजाराला तेव्हा कळले.

भारतात दर चढण्याची वेगळी कारणे कोणती?

पहिले कारण रुपया. परदेशी बँडचे मानधन, विमानाने येणारे रंगमंचाचे साहित्य, तंत्रज्ञांचा ताफा, विमा हे सारे डॉलरमध्ये. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा डॉलर सुमारे ४७ रुपयांना होता. कोल्डप्ले आले तेव्हा तो ८६ रुपयांच्या आसपास होता. मानधन एका डॉलरनेही वाढले नसते, तरी रुपयांतला खर्च पावणेदोन पटींहून अधिक झाला असता.

दुसरे कारण जागा. मुंबई परिसरात मोठ्या कार्यक्रमांसाठी उभारलेले कायमस्वरूपी मैदान नाही. कधी क्रिकेटचे स्टेडियम, कधी महालक्ष्मी रेसकोर्स, कधी वांद्रे-कुर्ला संकुल. प्रत्येक वेळी रंगमंच, स्वच्छतागृहे, वीज, कुंपण शून्यापासून उभे करायचे आणि दोन-तीन दिवसांत काढायचे. मध्यम आकाराच्या जागाही कमी झाल्या. धोबीतलावचे रंगभवन हे १९८६ पासून भरणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाचे घर. रुग्णालय, न्यायालय, महाविद्यालय जवळ असल्याने तो शांतता क्षेत्राचा भाग ठरला आणि तिथला आवाज थांबला. शांतता क्षेत्राचा नियम योग्यच, पण पर्यायी जागा काही उभी राहिली नाही.

तिसरे कारण कर. संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर वस्तू आणि सेवा कर नाही, त्यापुढे १८ टक्के. मराठी नाटकाचे तिकीट ५०० रुपयांच्या आत ठेवण्याची निर्मात्यांची धडपड याच मर्यादेमुळे असते. रॉक कार्यक्रमात ५०० रुपयांचे तिकीट नसतेच. करासह १० हजारांच्या तिकिटात सुमारे १,५२५ रुपये कराचे असतात.

करमाफी दिली म्हणजे तिकीट स्वस्त होते, असेही नाही. मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत झाला. त्याला राज्य सरकारने करमणूक करमाफी दिली, ती मुंबई ग्राहक पंचायतीने न्यायालयात नेली आणि तीन कोटींहून अधिक रकमेचे ते प्रकरण २०२१ मध्ये मंत्रिमंडळासमोर पुन्हा येईपर्यंत रेंगाळले. सवलतीचा फायदा प्रेक्षकाला मिळतो की आयोजकाला, हा तेव्हाचा प्रश्न आजही विचारावा लागतो.

पालघर-बोईसरच्या चाहत्याला किती पडते?

बोईसर मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. ध्वनिप्रदूषणाच्या नियमामुळे मोकळ्या जागेतील कार्यक्रम रात्री १० पर्यंत आटोपतो. हजारोंच्या गर्दीतून नेरूळ स्थानक गाठायचे, तिथून हार्बरने अंधेरी, अंधेरीहून विरार. विरारला उतरेपर्यंत मध्यरात्र उलटते. पुढे डहाणूकडे जाणाऱ्या गाड्या दिवसाच मोजक्या, त्या वेळी तर पहाटेची वाट पाहावी लागते. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, पण विरारपुढे दोनच मार्ग आहेत. त्यावरूनच मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल धावतात. चौपदरीकरणाला मंजुरी मिळून वर्षे लोटली, काम अजून सुरूच आहे.

कोल्डप्लेसाठी गोरेगाव ते नेरूळ विशेष लोकल सोडल्या गेल्या. त्यांचा उपयोग गोरेगावच्या अलीकडच्यांना झाला. विरारपलीकडच्यांना रात्र काढण्याची सोय स्वतःच करावी लागली.

आता समजा, तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणारे जोडपे प्रत्येकी ४ हजारांचे तिकीट काढते. तिकिटांचे ८ हजार. रात्रीच्या खोलीचे ५ हजार धरू, प्रवास आणि खाण्याचे दीड हजार. एकूण साडेचौदा हजार. तिकिटावर छापलेली रक्कम या खर्चाच्या निम्म्याहून थोडीच जास्त ठरते. अंधेरीच्या जोडप्याचा खर्च ८ हजारांवर फार वाढत नाही. शिवाय पाळीत काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशीचा खाडा पडतो, त्याची मजुरी वेगळीच.

म्हणूनच अनेकांनी २६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर मोबाइलवर पाहिला. अहमदाबादचे स्टेडियम एक लाखाहून अधिक आसनांचे, पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्याही सोडल्या. मोठी जागा आणि रेल्वे असेल तर अधिक लोकांना तिकीट मिळते, हे तिथे दिसले.

महाग तिकीट म्हणजे लूट का?

तसे सरसकट म्हणता येणार नाही. रॉक कार्यक्रम ही जीवनावश्यक वस्तू नाही. साठीचा गायक आपल्या दोन तासांचे किती पैसे घेतो, हे सरकारने ठरवू नये. दर मुद्दाम कमी ठेवला आणि पुढे काहीच केले नाही, तर मधला फरक बँडला मिळत नाही आणि चाहत्यालाही नाही, तो दलालाच्या खिशात जातो.

मात्र बँडने मनावर घेतले तर बरेच करता येते. पर्ल जॅमने १९९४ मध्ये तिकीट २० डॉलरच्या आत ठेवण्याचा आग्रह धरून तिकीटमास्टरविरुद्ध अमेरिकी न्याय विभागाकडे तक्रार केली. द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथ यांनी २०२३ मध्ये मागणीनुसार दर वाढवण्यास नकार दिला आणि जादा आकारलेल्या शुल्काचा काही भाग प्रेक्षकांना परत करायला लावला. खुद्द कोल्डप्लेने मुंबईसाठी सुमारे २ हजार रुपयांची काही तिकिटे वेगळी ठेवली होती. ती जोडीनेच घ्यायची आणि त्याच दिवशी खिडकीवर जाऊन उचलायची होती. असे तिकीट आधी दलालाच्या हाती जात नाही.

खरा आक्षेप आहे तो लपवाछपवीला. किती तिकिटे प्रत्यक्षात सर्वांसाठी खुली होती, किती प्रायोजकांसाठी, बँकेच्या कार्डधारकांसाठी आणि पाहुण्यांसाठी बाजूला काढली, हे ग्राहकाला सांगितले जात नाही. शेवटच्या पानापर्यंत शुल्क वाढत जाते. आसन कुठे, पडदा दिसेल की नाही, हे नीट कळत नाही. घड्याळ मात्र उलटे धावत असते.

कायदा काय सांगतो?

चित्रपटगृहाबाहेर 'ब्लॅक' करणाऱ्याला हवालदार पकडत असे. ऑनलाइन पुनर्विक्रीला नेमकेपणाने आवरणारा कायदा नाही. या मागणीसाठी दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालय तसा आदेश देऊ शकत नाही, असे मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने म्हटले. म्हणजे चेंडू सरकारच्या अंगणात आहे.

तरी ग्राहक अगदी निराधार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. आधी कमी दर दाखवून शेवटी शुल्क चढवणे, तुटवड्याचा खोटा आभास निर्माण करणे, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे या गोष्टी त्यात मोडतात. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कार्यक्रम नेरूळला झाला म्हणून बोईसरच्या माणसाला नवी मुंबईत खेटे घालावे लागत नाहीत. पैसे भरतानाच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवला तर तो पुरावा कामी येतो.

इतर देशांनी काय केले?

ब्रिटनमध्ये ओएसिसच्या तिकीटविक्रीत ऑगस्ट २०२४ मध्ये उभ्याने पाहण्याची सुमारे १५० पौंडांची तिकिटे संपली आणि रांगेत तासन् तास थांबलेल्यांसमोर त्याच प्रकारची ३५५ पौंडांची तिकिटे आली. तेथील स्पर्धा नियामकाच्या चौकशीनंतर तिकीटमास्टरने दराचे टप्पे असतील तर ते २४ तास आधी सांगण्याची हमी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने छापील दरापेक्षा जास्त किमतीत तिकीट पुन्हा विकण्यास बंदी घालण्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२४ मध्ये लाइव्ह नेशन-तिकीटमास्टरविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. यांपैकी कोणीही बँडचा दर ठरवायला गेले नाही. त्यांनी बाजाराचे नियम ठरवायला घेतले.

महाराष्ट्राने काय करायला हवे?

पंतप्रधानांनी जानेवारी २०२५ मध्ये 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा गौरवाने उल्लेख केला. या अर्थव्यवस्थेत हॉटेल, टॅक्सी, आयोजक साऱ्यांचा विचार होतो, तिकीट काढणाऱ्याचाही व्हायला हवा. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, सर्व शुल्क आणि करासह एकच दर पहिल्याच पानावर. दुसरी, खुल्या विक्रीसाठी नेमकी किती तिकिटे आहेत याची आगाऊ जाहीर घोषणा. तिसरी, छापील दरापेक्षा जास्त किमतीत पुनर्विक्रीला बंदी आणि ज्याला जाणे जमत नाही त्याला त्याच दराने तिकीट परत करण्याची सोय. चौथी, मोठ्या कार्यक्रमाला परवानगी देतानाच परतीच्या गाड्यांचे नियोजन, तेही विरारपर्यंत नव्हे तर डहाणूपर्यंत.

पहिल्या तीन गोष्टींना सरकारी तिजोरीतून फारसा खर्च लागत नाही, फक्त नियम करण्याची इच्छा लागते. चौथीला एखादी जादा लोकल लागते. दर ठरवण्याचा हक्क बँडला असावाच, पण तो पुरता कळण्याचा आणि कार्यक्रम संपल्यावर घरी पोहोचण्याचा हक्क चाहत्यालाही हवा, मग तो गोरेगावचा असो की बोईसरचा.