आखाजीची सुट्टी वाचवा

खानदेशात उन्हाळ्याची सुट्टी कधी रिकामी जात नसे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की टोपल्यांत गहू पेरले जायचे, निंबाला झोके बांधले जायचे, ओट्यावर शेवयांचे पाट मांडले जायचे, गच्चीवर खाटा टाकून ज्वारीचे बिबडे घातले जायचे. या सगळ्या कामांत सहा-सात वर्षांची पोरं लुडबुडत असायची. त्यांना कुणी हाकललं नाही, म्हणून ती शिकली.

आता जळगाव-धुळ्यात पारा 45 कडे सरकला की दार लोटून, कूलर लावून पोरांच्या हातात मोबाइल दिला जातो. बिबडे विकत येतात, शेवया मशीनवरून येतात. ज्यांना परवडतं ते पोरांना शहरातल्या शिबिरात घालतात. तिथे कापलेला पुठ्ठा तयार, डिंक तयार, काय बनवायचं तेही आधीच ठरलेलं. बाकीची पोरं जूनमध्ये शाळा उघडायची वाट बघतात. गावातल्या ज्या बायांना कुरडईचा चीक नुसत्या बोटाने कळतो, त्यांच्याकडून शिकायला मात्र कुणी उरलेलं नाही. त्या आहेत तोवरच ही सुट्टी वाचवता येईल.

वाचवायचं काय, ते नीट पाहू.

आखाजीची गौराई घ्या. टोपलीत काळी माती, त्यात गहू, रोज पाण्याचा शिपका आणि टोपली घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. सात-आठ दिवसांत पिवळेधमक अंकुर वर येतात. मुली त्यांची पूजा करतात, गाणी म्हणतात. या रीतीला धक्का न लावता एकच भर घाला : दुसरी टोपली ओट्यावर, उजेडात ठेवा. पोरांनी रोज सुतळीने दोन्हींची उंची मोजावी आणि भिंतीवर खडूने रेघ मारावी. अंधारातला अंकुर उंच, पण पिवळा आणि लुळा; उजेडातला ठेंगणा, पण हिरवा आणि ताठ. असं का, हे लगेच सांगू नका. पोरं भांडतील, अंदाज बांधतील, टोपल्यांची अदलाबदल करून बघतील. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात सूर्यप्रकाशाचा धडा येईल, तेव्हा तो त्यांना पाठ करावा लागणार नाही.

किंवा कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास सुटतो आणि दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. वाटून, गाळून ते पातेल्यात रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी वर निवळ पाणी आणि तळाला घट्ट चीक. पांढरं सगळं खाली का बसलं? वरचं पाणी न ढवळता कसं काढायचं? चीक शिजवायला किती वाट्या पाणी लागेल? ओली कुरडई आणि वाळलेली कुरडई तराजूत घातली तर उन्हाने किती पाणी नेलं? पहिली-दुसरीच्या पोराला पेलतील असे हे प्रश्न. वर गरम चिकाची वाटी बक्षीस म्हणून आहेच.

धुळे जिल्ह्यातल्या पोरांसाठी तर याहून मोठा धडा नदीकाठी पडून आहे. पांझरेवर बंधारे घालून, पाटाने पाणी फिरवून, सगळ्यांनी मिळून ते वाटून घ्यायची फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. तिला ना पंप लागला, ना वीज. पाणी फक्त उताराने जातं. संध्याकाळी नदीच्या वाळूत पोरांना हाताने बंधारा घालू द्या, पाट काढू द्या, चार फड, म्हणजे शेताचे तुकडे, आखू द्या आणि एक बादली पाणी सोडा. पहिल्या फडाने सगळं पाणी पिऊन टाकलं की शेवटच्या फडाची पोरं ओरडतील. मग पाळी कशी लावायची, हे त्यांचं त्यांनाच ठरवावं लागेल. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र एकाच बादलीत.

असं हातांनी शिकणं आपल्या मातीला नवं नाही. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्याच फैजपूरला झालं. तिथली सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून उभी केली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, गांधीजींनी वर्धा परिषदेत नई तालीम मांडली : मूल हातांच्या कामातून शिकतं. त्याआधी साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, तेव्हा ते छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. आपल्या गावातही पोरांचं असं दैनिक का निघू नये? फळ्यावर रोज चार ओळी : गौराई किती वाढली, कोणाच्या कुरडया पावसाने भिजल्या, झोक्यावरून कोण पडलं.

सरकारी धोरणालाही हे मान्य आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावं, असं म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण पहिली ते पाचवीच्या पोरांचे हात तेवढेच शिवशिवतात. त्यांनी सहावीपर्यंत का थांबायचं?

काही जण म्हणतील, या उन्हात पोरं बाहेर काढायची का? नाहीच काढायची. सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, एवढाच वेळ. बाकी दुपार झोपेची आणि गोष्टींची. दुसरी शंका जास्त खरी आहे : हे म्हणजे पोरांना राबवणं तर नव्हे? शंभर पापड लाटून घेतले तर ते राबवणंच. एक वाकडातिकडा पापड लाटू दिला आणि तो असा का झाला हे विचारलं, तर ते शिक्षण. आणि हो, वाळवण हे मुलींचंच काम, ही जुनी वाटणी आता मोडायची. पाटावर मुलगेही बसतील, सुताराच्या रंध्याला मुलीही हात लावतील.

सगळ्यात जास्त गरज आहे ती ऊसतोडीहून परतलेल्या पोरांना. त्यांचं निम्मं वर्ष उसाच्या फडात आणि तिथल्या झोपडीत, कोपीत, गेलेलं असतं. वर्गात ती मागे पडतात. पण गाठ मारणं, मोळी बांधणं, उसाची कांडी मोजणं यात ती बाकीच्यांच्या पुढे असतात. निदान उन्हाळ्यात त्यांना पहिल्या बाकावर बसायला मिळू दे. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-शिरपूरच्या पाड्यांवर, पावरा आणि भिल्ल घरांत टोपल्या विणणारे हात आहेत. शिकवणारे म्हणून मानाने बोलवायचं ते त्यांना.

तेव्हा हे आवाहन. शिक्षकांनो, आखाजी कधी एप्रिलमध्येच येते आणि परीक्षा सुरू असतात; म्हणून पहिली टोपली वर्गातच पेरा. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनो, सुट्टीत शाळेचं कुलूप काढा, व्हरांडा आणि पिण्याचं पाणी द्या. बाकी खर्च फारसा नाही. शाळापूर्व तयारी मेळाव्यांमुळे गावोगाव माता-पालक गट झाले आहेत. त्या माउल्यांनी एकेक सकाळ वाटून घ्यावी. आज्यांनो, पोर मध्ये-मध्ये करतं म्हणून त्याला उठवू नका. आणि पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेल्या खानदेशी मंडळींनो, पोरांना सुट्टीत पंधरा दिवस तरी गावी पाठवा, मोबाइल तिकडेच ठेवून.

एका गावात पाच घरं आणि एक शाळा तयार झाली तरी सुरुवात होते. या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या अशा एका बाईचं नाव काढा जिला कुरडया येतात, आणि अशा एका म्हाताऱ्याचं ज्याला खाट विणता येते. त्यांना विचारा. त्या दोघांच्या होकारावर आपली शाळा उभी राहते.