गाडीचा चातुर्मास

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. अंगणात आमची फियाट उभी होती. सौ.ने बॉनेटवर झेंडूची माळ चढवली, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ वाढवला. मग घरच्या रिवाजाप्रमाणे अण्णा गाडीत बसले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी मोटार चालवायला मनाई केल्यापासून दसऱ्याला स्टिअरिंगवर हात ठेवून पाच मिनिटे बसायचे, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध उरला आहे. त्यांनी सवयीने डावा पाय क्लचवर नेला, उजव्या टाचेवर भार दिला, आणि 'कर्र' असा आवाज होऊन टाच गाडीच्या तळातून आरपार खाली गेली!

पायात चप्पल होती म्हणून निभावले. अण्णांनी पाय हळूच वर काढला, चपलेला लागलेली तांबडी भुकटी बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही आतून संपली की रे!" ते गाडीविषयीच बोलत होते ना, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

ही गाडी १९७५ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, म्हणजे कागदोपत्री 'पद्मिनी'. पण आमच्या पिढीने तिला फियाटच म्हटले. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा अण्णा दिवसभर गप्प होते. पुण्याचे आमचे चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, आता भंगारात द्या, नाहीतर 'विंटेज' म्हणून नोंदवा." २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला तो मान मिळतो खरा, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. अण्णांनी ऐकले आणि विचारले, "चालवायची नाही, तर ठेवायची कशाला?"

वाचकहो, खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. गाडी कुजली ती माझ्या दुर्लक्षाने नव्हे, माझ्या काळजीने! मृग लागला की मी तिला जाड प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळत असे, दोऱ्या करकचून आवळत असे. शिवाय दर रविवारी ताडपत्री थोडी वर करून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवत असे. आपल्याइतके कोण करतो, या समाधानात मी अनेक पावसाळे काढले.

भद्रकालीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली सरपटत जाऊन पाहिले आणि मला बाजूला घेतले. "भाऊ, तुम्ही गाडी झाकली नाही. तुम्ही ती वाफवली!"

मग त्यांनी मला धडाच दिला. लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. पाणी अंगावर ओतायलाच हवे असे नाही. हवेतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेला की तेवढ्यानेही भागते. ताडपत्रीखाली जमिनीची ओल वर चढते, रात्री गारवा आला की पत्र्यावर दव धरते, आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. पायाखालचा गालिचा ते पिऊन बसतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. आणि रविवारची पाच मिनिटे? एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणीच तयार होते. लांब फेरी मारली तर ते वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत मात्र ते सायलेन्सरात आणि इंजिनच्या तेलात मुक्काम ठोकते.

दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, असे मी सांगून पाहिले. पण त्या लोखंडातल्या फॉस्फरसामुळे त्याच्या अंगावर रक्षक पापुद्रा धरला आहे. आमच्या फियाटच्या पत्र्याचे पुण्य तेवढे नाही!

बर्फाळ मुलुखांत रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून तिकडचे हौशी लोक जुन्या गाड्या हिवाळाभर कोंडून ठेवतात. आपला हिवाळा म्हणजे उलट गाडीचे माहेरपण. नाशिकच्या कोरड्या थंडीत लोखंडही खुशीत असते. आपल्याकडे जपायचे ते आषाढ-श्रावणात. म्हणून यंदा आषाढी एकादशीला देव निजले, त्याच दिवशी आम्हीही गाडी निजवली.

तत्पूर्वी कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. गंज घासून काढल्याशिवाय रंगाचा थेंब लावायचा नाही, ही मिस्त्रींची अट. गंजावर रंग म्हणजे गळवावर पावडर! मग रेडऑक्साइड आणि वर डांबरी लेप. गाडी धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवली. गालिचे माळ्यावर गेले. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोके असतात, ती खराट्याच्या काडीने मोकळी केली. इंजिनचे तेल बदलले, बॅटरी सोडवली, चाकांत हवा थोडी जास्त भरली. हँडब्रेक ओढला नाही, नाहीतर तो दमटपणात चिकटतो. त्याऐवजी चाकांना विटा लावल्या. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते म्हणून टाकी भरली. पण हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्याही नव्या घातल्या. उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला, आणि तो विसरू नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली. वर पत्र्याचे छप्पर, चारी बाजू मोकळ्या, आणि अंगावर सौ.ची जुनी सुती चादर. बस्स.

यंदाचा दसरा आला. मी आधीच तळावर चार गुद्दे मारून पाहिले होते. अण्णा बसले. त्यांनी टाच अलगद टेकवली. मग जरा जोराने. मग चांगलीच आपटली. पत्रा खणखणीत वाजला. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "चल, गंगेवर जाऊन येऊ."

"अण्णा, बाहेर वारा आहे, तुम्हाला..."

"पावसाळाभर तू मलाही गुंडाळूनच ठेवलं होतंस," ते म्हणाले. "जरा वारा लागू दे."

ते शेजारच्या सीटवर सरकले. मी बोळा काढला, चिठ्ठी फाडली. रामकुंडाशी दुतोंड्या मारुतीपुढे गाडी थांबवली, तेव्हा यंदा पाणी मारुतीच्या कुठवर चढले होते, हे ते काच खाली करून एका भेळवाल्याला विचारत होते. आता दर रविवारी आमची वीस किलोमीटरांची फेरी ठरलेली आहे. पाच मिनिटांची नव्हे.

तुमच्या घरी मोटार नसेल. पण सायकल, शिवणयंत्र, लोखंडी कपाट असेलच. झाकण्याआधी वाळवा, आणि झाकल्यावर हवा लागू द्या. एवढे सांगून दिवाळीचा फराळ उचलतो. तो मात्र हवाबंद डब्यातच ठेवावा!