दहा टेकाडांचें गांव

गांव म्हटलें कीं एकमेकांस खेटून असलेलीं घरें, मध्यें पार व चावडी, असें चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. जर्मनीच्या वायव्य किनाऱ्याजवळील होगे हें गांव मात्र दहा टेकाडांवर विखुरलेलें आहे. हें गांव म्हणजे उत्तर समुद्रांतील एक सखल बेट. वस्ती अवघी शंभरांच्या आसपास. अशा बेटास तिकडे 'हालिग' म्हणतात, आणि माणसांनीं माती रचून केलेल्या टेकाडास 'वार्फ्ट'. वादळांत समुद्र सारें कुरण गिळून टाकतो, आणि मग केवळ हीं टेकाडेंच पाण्यावर दिसतात. त्या वेळीं एका वार्फ्टीवरील शेजाऱ्यास दुसरीवर जातां येत नाहीं.

इतक्या थोड्या लोकांकरितां सरकारनें टेकाडें उंच करण्याचा खर्च कां सोसावा, त्यांस किनाऱ्यावर नेऊन वसवावें, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. 1825 च्या फेब्रुवारींतील पुरानें या बेटांवरील पुष्कळ माणसें व घरें नेलीं. त्याच वर्षीं डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक स्वतः पाहणीस आला व होगेंतील एका घरीं मुक्कामास राहिला. 1962 च्या पुरानंतर घरांत काँक्रीटच्या खांबांवर आश्रयाची खोली बांधण्याची रीत पडली. भिंती ढासळल्या तरी ती खोली उभी राहावी, हा हेतु. शिवाय पुराबरोबर येणारा गाळच हालिगची जमीन उंचावतो, आणि 1911 ते 1914 या काळांत बांधलेला ठेंगणा बांध लहान पूर अडवितो खरा, पण गाळही अडवितो! समुद्र तर वर्षानुवर्षें चढत आहे.

तरीही आमचें मत होगेकरांच्या बाजूचें आहे. एक तर हीं बेटें लाटांचा जोर आपल्या अंगावर घेतात. त्यांच्यामागील किनाऱ्यास त्याचा लाभ होतो. दुसरें, येथील लोक कोणाच्या दयेवर बसलेले नाहींत. पावसाचें पाणी गुरांसाठीं वार्फ्टीवरील तळ्यांत व माणसांसाठीं हौदांत सांठवून त्यांच्या पूर्वजांनीं पिढ्यानुपिढ्या काढल्या. मुख्य भूमीवरून नळाचें पाणी आलें तें अगदीं अलीकडे. एवढ्याशा वस्तीस आपलें निवडलेलें मंडळ आहे, आपला सरपंच आहे, बोटांवर मोजण्याइतक्या मुलांची शाळाही आहे.

घर कोठें ठेवावें याचा निर्णय, खर्चाचा हिशेब समोर ठेवून कां होईना, प्रथम त्या घरांत राहणाऱ्यांस विचारून व्हावा. नकाशावर बोट ठेवून गांव हालविणें सोपें असतें. गुरें, आजीआजोबा व स्मशान यांसह तें हालवून पाहावें.